पहिला शेजार

मी सव्वा वर्ष ज्या गावात राहिले ते आर्नहेम या डच शहराच्या पूर्वेला, बसने पन्नास मिनिटांवर आहे. बस तासाला एक, आणि संध्याकाळी सातनंतर तीही नाही. या गावाबद्दल लिहिण्यासारखं काही आहे का, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. एक चर्च आहे. एक सुपरमार्केट आहे, त्याच्याच कोपऱ्यात पोस्टाची खिडकी. बेकरी आठवड्यातून तीनच सकाळी उघडते. तळलेले बटाटे मिळणारं एक दुकान आणि फुटबॉलचं एक मैदान. शाळेत मुलं कमी, म्हणून दोन-दोन वर्ग एका खोलीत बसतात. गावाबाहेर सगळीकडे सपाट कुरणं, मका, आणि डुकरांचे लांबच लांब गोठे. वारा त्या बाजूने आला की धुतलेले कपडे आत घ्यावे लागतात.

माणसं उंच आणि कमी बोलणारी. सायकलवरून जाताना नमस्कार म्हणून हँडलवरचं एक बोट उचलतात, हात सोडत नाहीत. पहिल्या आठवड्यात मला ते दिसलंच नव्हतं. मी हात पूर्ण वर करून हलवायचे, आणि समोरचा मागे वळून बघायचा, की ही कुणाला थांबवतेय.

मी तिथे गेले ते खोली मिळेना म्हणून. आर्नहेममध्ये विजेच्या जाळ्यांवरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मला मिळाला होता, शिष्यवृत्तीही मिळाली होती, फक्त राहायला जागा नव्हती. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील लातूरच्या मोंढ्यात हमाली करतात, आई शाळेत मुलांची खिचडी शिजवते. जागा कशी शोधायची हे विचारायला घरात कुणी नव्हतं. शेवटी एका ग्रुपवर ब्रेडा शहरातल्या एका माणसाची जाहिरात दिसली. त्याची आई वृद्धाश्रमात गेली होती, गावातलं तिचं घर विकलं जाईपर्यंत त्याला भाडेकरू हवा होता. त्याने किल्ली देताना तीन गोष्टी सांगितल्या. गवत कापायचं, मंगळवारी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायचे, थंडीत पाइप गोठू द्यायचे नाहीत. मी त्या वहीत लिहून घेतल्या.

रस्त्यावर पाच घरं होती. माझ्या डावीकडे एक म्हातारं जोडपं राहायचं. आजोबांनी गायी विकून टाकल्या होत्या, तरी रोज पहाटे उठून रिकाम्या गोठ्यात चक्कर मारायचे. समोर एक बाई आणि त्यांचे यजमान. यजमान ट्रॅक्टर दुरुस्त करायचे, बाई गावच्या ग्रंथालयात होत्या. त्यांच्या पलीकडे डुकरं पाळणारे दोन भाऊ, दोघांचंही लग्न झालेलं नव्हतं. आणि टोकाला एक निवृत्त पोस्टमन. गावातला सगळ्यात उंच माणूस बहुधा तोच.

मी वाट पाहत होते. आमच्याकडे नवं बिऱ्हाड आलं की सामान उतरायच्या आत शेजारून पाण्याची कळशी येते, मग चहा, मग कोण कुठले, किती भाऊ, पगार किती. म्हणून मी सुपरमार्केटमधून चार कप आणून ठेवले आणि दर शनिवारी घर झाडून बसायचे. कुणीच आलं नाही. सप्टेंबर गेला. एकदा माझ्या फाटकाच्या कडीला नाशपातींची पिशवी लटकवलेली दिसली. चिठ्ठी नाही, काही नाही. दुसऱ्याची वस्तू, कुणीतरी विसरलं असेल, असं समजून मी तिला हात लावला नाही. दोन दिवसांनी तिच्याभोवती गांधीलमाश्या घोंगावायला लागल्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजी आल्या आणि पिशवी काढून घेऊन गेल्या. मी खिडकीतून बघत होते. दार उघडावं की नाही, हे ठरेपर्यंत त्या निघून गेल्या होत्या.

आईला मी फोनवर सांगितलं, "इथली माणसं फार थंड आहेत."

आई म्हणाली, "थंडीच हाय म्हणतीस तिकडं, माणसं तरी काय करतील?"

नोव्हेंबरमध्ये एका सकाळी शेजारी डॉक्टरांची गाडी आली, मग एक लांब काळी गाडी. आजी गेल्या होत्या. हृदयाचा त्रास होता, हे मला नंतर कळलं.

मयताघरी बोलावणं यायची वाट बघत नाहीत, एवढं मला पक्कं माहीत होतं. आणि त्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी न्यायचं असतं. मी त्या दिवशी कॉलेजला गेले नाही. डब्यातल्या बेसनाचं पिठलं केलं, चार पोळ्या लाटल्या आणि दुपारी पातेलं फडक्यात धरून त्यांच्या दाराशी गेले. घंटा वाजवल्यावर वाटलं, आपण चुकतोय. इथे फोन न करता कुणी कुणाकडे जात नाही.

आजोबांनी दार उघडलं. मी त्यांना मेनेर म्हणायचे, म्हणजे आपलं साहेब आणि काका यांच्या मधलं काहीतरी. त्यांनी आधी माझ्याकडे, मग पातेल्याकडे पाहिलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, मेनेर. गाडी दिसली."

"हं," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

आत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरच्या बाई कागद-पेन घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी आजोबांची मुलगी होती, रायस्वाइकहून आलेली. तिला इंग्रजी चांगलं येत होतं. "आमच्या इमारतीत सगळे तुमचेच लोक आहेत," ती म्हणाली आणि तिने पातेलं माझ्या हातातून घेतलं. "जिन्यात हाच वास असतो." मग तिला रडू आलं, आणि मला कुठे बघावं कळेना.

समोरच्या बाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या. "म्हणजे तू येणार होतीस," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलं तुला आमच्यात यायचं नाही."

"मला?"

"तू बोलावलंच नाहीस कुणाला. अडीच महिने झाले."

त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा माझे कान गरम झाले. त्या भागात नवीन आलेल्याने शेजाऱ्यांना घरी बोलवायचं असतं. एक पेला काहीतरी द्यायचा, आणि तेवढ्याने शेजार जुळतो. त्याआधी कुणी पाऊल टाकत नाही, ते उद्धटपणाचं समजतात. म्हणजे मी चार कप मांडून त्यांची वाट पाहत होते आणि ते सगळे माझी वाट पाहत होते. एकट्या आजींनी नियम थोडा वाकवला होता, नाशपातींपुरता.

आणि एकदा शेजार जुळला की त्याची कामं ठरलेली असतात. जन्म, लग्न, आजारपण, मरण. मरण असेल तर घरच्यांनी कशालाच हात लावायचा नसतो, सगळं शेजारी करतात. गावात निरोप द्यायचा, चर्चमध्ये खुर्च्या, नंतरची कॉफी आणि मनुकांचा ब्रेड. आणि शवपेटी शेजाऱ्यांनीच उचलायची. पहिला मान डावी-उजवीकडच्या लगतच्या घराचा. त्याला पहिला शेजार म्हणतात. तो मान माणसाला नसतो, घराला असतो. आजोबांच्या एका बाजूला शेत होतं. दुसऱ्या बाजूला मी राहत होते.

कागदावर पाच नावं होती. दोन भाऊ, पोस्टमन, समोरच्या बाई आणि त्यांचे यजमान. सहाव्या ओळीत माझ्या घरमालकिणीचं आडनाव लिहून खोडलं होतं.

"अंत्यविधीची कंपनी एक माणूस देईल," मुलगी म्हणाली. "काळा कोट घालून. नेहमीच देतात ते."

"भाड्याचा माणूस नको," आजोबा म्हणाले. आवाज चढवला नाही. "तिला ओळखत नसलेल्याने तिला उचलायचं नाही. हे मी तिला सांगितलं होतं."

"बाबा, पाच जणांत कसं होईल?"

"ते मला माहीत नाही."

कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळत होतं. मी शेजार जोडला नव्हता, त्यामुळे मला विचारणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. आणि मी तरी आजींना कितीशी ओळखत होते? खिडकीतून वर केलेला हात आणि ती पिशवी. आजोबांनी बशीत पिठलं घेतलं, ब्रेडला लावून एक घास खाल्ला.

"मोहरी आहे यात?"

"आहे."

"मग ठीक," ते म्हणाले आणि दुसरा घास घेतला.

घरी येऊन मी आईला फोन लावला. खरं तर मला तिने नको म्हणावं असं वाटत होतं. आमची चुलती गेली तेव्हा आम्ही बायका ओट्यावर बसून राहिलो होतो. तिरडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघायचं आणि मग आत जाऊन घर धुवायचं, एवढंच आमचं काम. खांदा ही आमच्याकडे पुरुषांची गोष्ट. त्यातही कोणत्या पुरुषांची, यावरून भांडणं होतात.

"तुला कशाला मधी घेतात?" आई म्हणाली. "तिथं गडीमाणसं न्हाईत का?"

"घेत नाहीत. मीच विचारतेय."

"तिला लेक हाय ना?"

"घरच्यांनी उचलायचं नाही म्हणतात. शेजाऱ्यांनीच. पाच जण आहेत, सहावा नाही."

मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ती म्हणाली, "पाचावर कसं न्यावं? एका अंगाला कलंडंल की."

"हो ना."

"आगं, मग जा की. का तिला कलंडू देतीस?" आणि लगेच, "थांब, पप्पाला देते. त्येला विचार वझं कसं उचलायचं ते. त्येवढंच येतंय त्येला."

"ऐकायलोय मी," मागून वडील म्हणाले.

वडील माझ्याशी फोनवर फार बोलत नाहीत. अभ्यास कसा चाललाय, एवढं विचारतात. त्या दिवशी पंधरा मिनिटं बोलले. कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून वाकायचं. श्वास भरून उचलायचं, मग सोडायचा. सगळ्यांचा पाय एकदम पडला पाहिजे, नाहीतर ओझं डोलतं आणि डोललं की दुप्पट होतं. पायऱ्या आहेत का, त्यांनी विचारलं. चर्चला तीन आहेत, मी म्हणाले. "मग उतरताना उंच माणसं पुढं, बुटकी मागं. तू मागं ऱ्हा. आणि हात घामेजतात, ध्यान ठेव. आम्ही माती लावतो. तिथं काय लावतेत विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोरच्या बाईंच्या दारात जाऊन म्हणाले की सहाव्या ओळीत माझं घर लिहा. त्यांनी मला आत घेतलं नाही, मिठीही मारली नाही. "चार वाजता भावांच्या गोठ्यात," त्या म्हणाल्या. "जाड तळव्यांचे बूट घाल."

गोठ्यात एका लाकडी शिडीवर बटाट्यांची पोती बांधून ठेवली होती. त्या पाचांनी आजवर नेहमी खांद्यावरून नेलं होतं. पोस्टमनच्या खांद्याखालून मी डोक्यावर टोपी असूनही सहज गेले.

"ही सरळ शिडीखालीच मावते," थोरला भाऊ म्हणाला. "पाऊस आला तर एकटी कोरडी राहील."

"तू गप्प," पोस्टमन म्हणाला. "मागच्या वेळी पाय तूच चुकवलास."

"मागच्या वेळी बर्फ होता."

"जून होता."

समोरच्या बाईंचे यजमान हसले, बाई हसल्या नाहीत. त्या मला इंग्रजीत एकेक वाक्य सांगत होत्या, त्यामुळे मला हसायला जरा उशीर व्हायचा. थोरल्या भावाचं म्हणणं होतं की खांद्यावरच न्यायला पाहिजे, त्यांच्या वडिलांना तसंच नेलं होतं. "मग हिला स्टुलावर उभी करून चालवू का?" बाई म्हणाल्या. त्याने मान हलवली नाही. मला वाटलं, मी येऊन यांचं अवघडच केलं. कंपनीचा माणूस निदान उंच तरी असता.

तेवढ्यात आजोबा गोठ्याच्या दारात दिसले. त्यांनी तिथे यायला नको होतं, रीतीप्रमाणे. त्यांनी शिडीकडे, पोत्यांकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"हातावर न्या," ते म्हणाले. "तिला उंचावर भीती वाटायची. चेरीच्या झाडाला शिडी लावली तर ती धरूनसुद्धा उभी राहायची नाही. खांद्यावर नेलं तर आवडणार नाही तिला."

थोरल्या भावाने टोपी काढली आणि परत घातली. "मग हातावर," तो म्हणाला.

आम्ही शिडी हातांनी उचलून गोठ्याच्या तीन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत पोती डोलत राहिली, कारण प्रत्येक जण आपापल्या चालीने चालत होता. दुसऱ्या फेरीआधी मी बाईंना हळूच सांगितलं की पाय एकदम पडायला हवेत, आणि पायऱ्यांवर उंच माणसं पुढे हवीत.

"तुला कसं माहीत?"

"माझे वडील पोती उचलतात. तेच काम आहे त्यांचं."

बाईंनी ते डचमध्ये सगळ्यांना सांगितलं. धाकटा भाऊ, जो तोवर एक शब्द बोलला नव्हता, त्याने विचारलं, "किती किलोची?" मी म्हणाले, पन्नासची, पूर्वी शंभरचीही असायची. त्याने ओठ पुढे काढून मान डोलावली. मग पोस्टमन पुढे गेला, थोरला भाऊ त्याच्या शेजारी, आणि मी मागे डावीकडे, समोरच्या बाईंच्या बरोबरीला. पोस्टमन अगदी हलक्या आवाजात 'डावा' म्हणायचा आणि आमचे डावे पाय पडायचे. तिसऱ्या फेरीत पोती हलली नाहीत.

कॉलेजात दफनाच्या दिवसाची रजा मागताना मला वाटलं होतं, देणार नाहीत. माझी प्रयोगशाळेची परीक्षा होती. सरांनी विचारलं, "नातेवाईक?" मी म्हणाले, "नाही, शेजारी. मी पहिला शेजार आहे." ते त्याच भागातले असावेत. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, नवी तारीख लिहून दिली.

दफनाच्या सकाळी धुकं होतं. चर्चमध्ये सगळं गाव होतं. बेकरीवाल्या बाई होत्या, फुटबॉलची मुलं होती, तळलेल्या बटाट्यांचं दुकान बंद होतं. प्रार्थना संपल्यावर आम्ही सहा जण पुढे गेलो. पेटी साध्या फिक्या लाकडाची, कड्या पितळेच्या. मी गुडघ्यातून वाकले. पोस्टमन म्हणाला, आता, आणि आम्ही उचललं. पोत्यांपेक्षा हलकं वाटलं, आणि त्यानेच मी क्षणभर गडबडले.

तीन पायऱ्या नीट उतरलो. त्रास झाला तो दफनभूमीच्या वाटेवर. खडी होती आणि ती ओली होती. अर्ध्या वाटेवर माझा हात घामाने निसटायला लागला. माती लावायची राहून गेली होती, काय लावतात ते विचारायचंही राहून गेलं होतं. कडी बोटांच्या टोकांकडे सरकत होती. थांबा म्हणता येत नव्हतं. मागे आजोबा आणि त्यांची मुलगी चालत होते, आणि त्यांच्या पावलांचा आवाज मला ऐकू येत होता. मी दुसरा हात पुढे आणून दोन्ही हातांनी कडी धरली, तर चालताना पाय पेटीला लागायला लागला. मला वाटलं, आता कलंडणार. माझ्याच कोपऱ्यात.

समोरच्या बाईंनी पाहिलं असावं. त्या पुढे बघतच पोस्टमनला काहीतरी एक शब्द बोलल्या. पोस्टमनने 'डावा' म्हणणं लांबवलं. दोन डाव्यांमध्ये आता एक पूर्ण श्वास बसायला लागला. इतक्या हळू कुणी चालत नाही, पण कुणाला ते वेगळं वाटलं नसावं. शवपेटीमागून लोक हळूच चालतात. मी एक हात पुसला, पुन्हा धरला, मग दुसरा. खड्ड्यावर दोन फळ्या आणि त्यांच्यावर पट्टे होते. पेटी त्यांच्यावर टेकली तेव्हा आवाज झाला नाही. वडिलांनी सांगितलं होतं, ठेवताना सगळ्यात जास्त सावध. मी शेवटी सोडली.

पेटी खाली गेल्यावर आजोबा आमच्याकडे आले. उचलणाऱ्यांचे आभार घरच्यांनी एकेकाचा हात हातात घेऊन मानायचे, ही तिथली रीत. ते पोस्टमनपासून सुरू झाले. थोरला भाऊ, धाकटा भाऊ, समोरचे यजमान, बाई. प्रत्येकाला एकच शब्द, धन्यवाद. शेवटी माझ्यापुढे आले. माझा हात ओला होता आणि बोटांवर कडीचा लाल वळ होता. त्यांनी इतरांचा धरला तेवढाच वेळ माझा हात धरला, त्यांना म्हटला तोच एक शब्द मला म्हटला, आणि मुलीचा दंड धरून फाटकाकडे चालू लागले. मला जास्त काही म्हणाले नाहीत. मला त्याचं फार बरं वाटलं, आणि ते कुणाला सांगावं कळेना, म्हणून मी इतर पाच जणांबरोबर सभागृहाकडे निघाले. तिथे दोनशे कप मांडायचे होते आणि ते काम पहिल्या शेजाराचं होतं.